शुक्रवारचे भाऊजी

माझ्या ताईचे दीर मंगळवारी सकाळी गेले. ताईचा ठाण्याहून फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. तिने सांगितलं, मी ऐकलं, आणि गॅस बंद केला.

ठाण्याच्या तलावापासून कल्याणच्या खाडीपर्यंत, ज्याचं पोट भाऊजींनी उघडून पाहिलं नाही असा एकही घरगुती कॉम्प्युटर नव्वदच्या दशकात नव्हता. ही अतिशयोक्ती आहे हे मला कळतं, पण भाऊजींना ती तशी वाटली नसती. 'टिटवाळ्याचा एक राहिलाय' एवढीच दुरुस्ती त्यांनी सुचवली असती. ताईचे धाकटे दीर म्हणून ताई त्यांना भाऊजी म्हणे. तिचं ऐकून मी म्हणू लागले, माझं ऐकून आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतल्या बायका म्हणू लागल्या, आणि शेवटी जिन्याखालचा इस्त्रीवालासुद्धा आपली इस्त्री बिघडली की "भाऊजी कब आयेंगे?" असं विचारू लागला. ते राहायचे ठाण्याला, ताईच्याच घरी, आईजवळ. लग्न केलं नव्हतं. नोकरी डोंबिवलीच्या एमआयडीसीत, ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून. कॉम्प्युटर ते कुठल्या क्लासात शिकले नव्हते. लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवरून मोडके भाग आणायचे, ताईच्या डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून ते जोडायचे, जुळले नाहीत तर सोडायचे आणि पुन्हा जोडायचे, हेच त्यांचं विद्यापीठ. ताई म्हणे, "आमच्याकडे तांदूळ निवडताना मी खडे बघतच नाही गं. आधी स्क्रू काढते."

त्यांची काम करण्याची पद्धत समजायला डोंबिवलीचा शुक्रवार समजावा लागतो. आमच्याकडे तेव्हा शुक्रवारी सकाळी वीज जायची आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला यायची. वीज नाही म्हणून कारखान्यांना सुट्टी. म्हणजे आठवड्यात भाऊजींना जो एकच दिवस मोकळा मिळे, नेमका त्याच दिवशी सबंध डोंबिवलीत एकही कॉम्प्युटर चालू होऊ शकत नसे. बाकीच्या दिवशी कारखाना सुटला की ते थेट ठाण्याला जात, कारण त्यांच्या आईला संध्याकाळची औषधं त्यांच्याच हातून लागत. दुसऱ्या कुणाला ही अडचण वाटली असती. भाऊजींनी तिचं शास्त्र केलं. "ऑपरेशन करताना पेशंट शुद्धीवर असतो का?" ते विचारत. "नाही ना? मग?" त्यामुळे सकाळी ते वेगवेगळ्या घरांतले कॉम्प्युटर उघडत, झाडत, पुसत, बंद करत, आणि ते नीट झाले की नाही हे खुद्द त्यांच्यासकट कुणालाही कळत नसे. दुपारी सगळं उरकून ते आमच्याकडे येत आणि वीज यायची वाट पाहत बसत. पाच वाजता पंखा फिरला की आमचा फोन वाजू लागे. प्रसूतिगृहाबाहेर बसावं तसे भाऊजी फोनपाशी बसत. "चालू झाला? वा! आवाज कसा आहे? ... नाही, थोडं करवादणारच पहिल्यांदा."

त्यांच्या रेक्झिनच्या पिशवीत एक स्क्रू-ड्रायव्हर, रंगकामाचा मऊ ब्रश, टॉर्च, पेपरमिंटचा पत्र्याचा डबा आणि शाळकरी पोरांचा खोडरबर एवढीच हत्यारं असत. त्यातला खोडरबर सर्वांत महत्त्वाचा. मशीनमधली हिरवी पट्टी काढून तिची सोनेरी कड ते खोडरबराने घासत, फुंकर मारत आणि परत बसवत. दहापैकी सात दुखणी याने बरी होतात, असा त्यांचा दावा होता. उरलेल्या तिनांसाठी ते पट्टीचा वास घेत. "ठाण्याचं मशीन दमट असतं, कल्याणचं खारट," ते गंभीरपणे सांगत, "आणि डोंबिवलीचं आंबट. इथल्या हवेत काय काय मिसळतात ते मी रोज बघतो ना." एकदा मी शिकवते त्या शाळेतल्या एका बाईंनी नवऱ्याच्या ऑफिसातलं मशीन आणून दाखवलं, तेव्हा नुसता वास घेऊन भाऊजी म्हणाले, "हे इथलं नाही." ते पनवेलचं होतं. मशीन काही सुरू झालं नाही, पण बाई आजही त्या निदानाबद्दल आदराने बोलतात. पेपरमिंटच्या डब्यात उरलेले स्क्रू जात. भाऊजींनी बंद केलेल्या प्रत्येक मशीनमधून एक स्क्रू उरे. "कंपनी एक जास्तीचा देते," ते म्हणत, आणि डबा खडखडवून पिशवीत टाकत.

मशीन बिघडलं आहे, खराब झालं आहे, असं ते कधी म्हणत नसत. ते नाराज असे. थकलेलं असे. कधी कधी 'त्याला कुणी विचारलं नाही' असंही असे. आणि ते नाराज होण्याचा हंगाम म्हणजे दसरा. त्या दिवशी डोंबिवलीतला प्रत्येक कॉम्प्युटर हळदकुंकू लावून पुजला जाई, आणि पुढच्या शुक्रवारी भाऊजी खोडरबर ठेवून ब्रश हातात घेत. कीबोर्डच्या फटींतून अक्षता निघत. तळमजल्यावरच्या काकूंच्या मशीनने फ्लॉपी घ्यायचं बंद केलं, म्हणून भाऊजींनी ते उघडलं, तर फ्लॉपीच्या खाचेत झेंडूच्या पाकळ्या आणि आपट्याचं एक पान.

"काकू, इथे पान कुणी घातलं?"

"मीच. सोनं द्यायला नको? तोंड तेवढंच होतं हो त्याला!"

"अहो, ते तोंड नाही."

"मग काय आहे?" काकूंनी संशयाने विचारलं. भाऊजींनी काय आहे ते सांगायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. "बरं, तोंडच. पण उपवास आहे त्याला. काही घालू नका."

याच काकूंनी एकदा त्यांना कारखान्यात फोन केला होता. पडद्यावर इंग्रजीत तीन शब्द आले होते आणि मशीन उत्तर मागत होतं. भाऊजींची शिस्त अशी, की पडद्यावर काय आलंय ते माणसाने आधी मोठ्यांदा वाचायचं. काकूंनी वाचलं, "अबॉर्ट, रिट्राय, फेल."

"मग तुम्ही काय दाबलंत?"

"पहिला शब्द मला बरा वाटला नाही, आणि फेल मी दाबणार नाही. घरात दहावीची मुलगी आहे."

"मधलं दाबा मग."

"मधल्याने तेच तेच येतंय हो सकाळपासून."

"येऊ दे," भाऊजी म्हणाले. "शुक्रवारी मी येतो. तोवर त्याच्यावर टॉवेल टाका. त्याला पण विचार करू दे."

फी म्हणून ते काही घेत नसत. पण त्यांची एक अट असे. जेवायला ताजं काही करायचं नाही, फोडणीची पोळी करायची. ताईच्या घरी सासूबाईंच्या पथ्यामुळे शिळं काही उरतच नसे, आणि फोडणीच्या पोळीवर तर या माणसाचा जीव. म्हणून दर गुरुवारी मी मुद्दाम जास्त पोळ्या लाटायची आणि त्या शिळ्या व्हायला ठेवायची. पाहुण्यासाठी अन्न शिळं करणारं आमचं घर डोंबिवलीत एकमेव असावं.

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो बाबांच्या विहिरींसाठी. माझे बाबा भूगोलाचे शिक्षक. निवृत्तीनंतर ते कल्याण, डोंबिवली आणि पलीकडे शीळफाट्यापर्यंतच्या गावांतल्या विहिरी पाहत हिंडले होते. कुठली विहीर कुणी बांधली, तिचं पाणी कुठल्या महिन्यात खाली जातं, काठावर कोणतं झाड आहे, तिथे कोण कुणाशी भांडलं. एकेक विहीर बुजत चालली होती आणि तिच्यावर इमारत उभी राहत होती, त्याआधी सगळ्यांची नोंद असलेलं पुस्तक व्हावं, ही त्यांची इच्छा. त्यात डोळ्यांचा पडदा खराब झाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनचा उपयोग नाही, नजर हळूहळू जाणार. मधलं दिसेनासं झालं, कडेचं तेवढं दिसे. त्यामुळे समोरच्या माणसाला नीट पाहायचं असेल तर बाबा कावळ्यासारखी मान तिरकी करत. ते तक्रार करत नसत. एवढंच म्हणत, "छापलेलं पान एकदा स्वतः वाचलं की झालं. मग जाऊ दे नजर कुठे जायचीय ती." सुरुवातीची प्रकरणं त्यांनी हाताने लिहिली होती. पुढची ते सांगत आणि शाळेतून आल्यावर मी कॉम्प्युटरवर उतरवत असे. मशीन भाऊजींनीच जुळवून दिलं होतं. त्याची एक बाजू पांढरी होती आणि दुसरी करडी.

पहिल्या शुक्रवारी बाबांनी मान तिरकी करून त्यांना न्याहाळलं आणि म्हणाले, "या वैद्यबुवा." तेव्हापासून ते नाव पडलं. वीज यायची वाट पाहण्यात सबंध दुपार जायची. हाताने लिहिलेली पहिली प्रकरणं भाऊजी बाबांना वाचून दाखवत. कारखान्यातला तपासणीचा अहवाल वाचावा तसं वाचत आणि मध्येच अडत.

"सर, हिची खोली चाळीस फूट, आणि पुढच्या पानावर बाई पडली तर तिला साडीने वर काढली लिहिलंय. एका साडीने?"

"नऊवारी होती."

"तरी नाही पुरत. हे रिजेक्ट होईल सर."

"अहो वैद्यबुवा, दोन बायका होत्या काठावर!"

"मग तसं लिहा ना. बाई, घ्या लिहून. दोन साड्या."

मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाई म्हणत. त्या दुपारी मी वह्या तपासत बसे आणि शेजारच्या खोलीत दोन माणसं एका विहिरीवरून भांडत असत. ताईने एकदा, ठाण्याला आम्ही सगळे जेवत असताना, तोंडातला घास संपायच्या आत विषय काढला. "तुम्ही दोघं इतकी वर्षं दर शुक्रवारी भेटताय. लग्न का करत नाही?" मला ठसका लागला. भाऊजींनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, चालू मशीन उघडू नये." ताईने पुन्हा विषय काढला नाही. मीही नाही.

मग तो शुक्रवार आला. वीज आली, गेली, पुन्हा आली. ट्यूब निळी झाली, फ्रिज ओरडला आणि आमच्या मशीनमधून आधी खर्र असा आवाज आला आणि मग टक. भाऊजींनी त्याला कान लावला. पुन्हा खर्र, पुन्हा टक. मग उठून म्हणाले, "गेली." त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. हार्ड डिस्क गेली होती, आणि तिच्याबरोबर डोंबिवलीच्या, ठाकुर्लीच्या आणि शीळफाट्याकडच्या सगळ्या विहिरी.

"पण फ्लॉप्या आहेत ना, बाई? मी तुम्हाला दर आठवड्याला काढायला सांगितलेलं."

"काढल्यात. बाबांकडे आहेत."

"एकदम सुरक्षित," बाबा अभिमानाने म्हणाले आणि चाचपडत जाऊन त्यांच्या टेबलाचा खण उघडला. या खणाला आम्ही कुणी कधी हात लावत नसू. तिथे त्यांच्या सगळ्या मौल्यवान वस्तू असत. निवृत्तीच्या दिवशी शाळेने दिलेलं होकायंत्र, पृथ्वीचा छोटा गोल, आणि वर्गात दाखवायचे ते तांबड्या रंगाचे दोन पट्टीचुंबक. फ्लॉप्या नीट रचून ठेवल्या होत्या आणि हलू नयेत म्हणून त्यांच्यावर दोन्ही चुंबक ठेवले होते.

भाऊजी खाली बसले. त्यांनी बाबांना समजावून सांगितलं की फ्लॉपीवर जे असतं ते चुंबकाने पुसलं जातं. नंतर दुसऱ्या मशीनवर त्यांनी त्या सगळ्या घालून पाहिल्या, पण त्या दिवशीच आम्हाला समजलं होतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चुंबक लोखंड ओढतो, हे मी जन्मभर शिकवलं. विहिरी ओढतो हे पुस्तकात नव्हतं." मग ते आत जाऊन पडले. रात्री जेवले नाहीत.

पुढच्या शुक्रवारी भाऊजी आले ते पिशवीशिवाय, स्कूटर घेऊन. "सर, चला. पुन्हा बघून येऊ." बाबा म्हणाले, "मला दिसत नाही." भाऊजी म्हणाले, "मला दिसतं. मला कळत नाही एवढंच. तुम्ही मागे बसा आणि सांगा."

असे ते दोघं पावसाळा सोडून जवळजवळ वर्षभर दर शुक्रवारी हिंडले. बाबा मागच्या सीटवर मान तिरकी करून बसत, त्यामुळे ते जिकडे पाहत आहेत असं वाटे तिकडे ते पाहत नसत, आणि रस्त्यावरच्या लोकांचा गोंधळ उडे. एका नव्या बांधकामावर भाऊजींनी विचारलं, "इथे विहीर होती ना?" तर ही माणसं महापालिकेची आहेत अशी तिथल्या मुकादमाची खात्री पटली. त्याने खुर्च्या मागवल्या, थंड मागवलं. "साहेब, विहीर कुठली? खड्डा होता. आणि तो आधीपासूनच भरलेला होता." बाबांनी थंड पिऊन घेतलं आणि पेल्याच्या कडेवरून त्याच्याकडे तिरकं पाहत म्हणाले, "खड्ड्याला दगडी पायऱ्या होत्या. मी उतरलोय." बिचाऱ्याने दुसरी बाटली मागवली. शीळफाट्याच्या अलीकडच्या एका गावात दारात मासळी साफ करणाऱ्या म्हातारीने मात्र दोघांना उभं करून ठेवलं. "बाव व्हती इथं," ती म्हणाली. "माजी सासू तिच्यावर पानी भरायची. आता तुमी लिवून काय करनार? पानी येनार हाय का?" भाऊजी म्हणाले, "पाणी नाही येणार, आजी. नाव येईल." तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग माज्या सासूचं घाला." ते नाव पुस्तकात आहे.

संध्याकाळी परत आल्यावर बाबा सांगत आणि मी भाऊजींनी जुळवलेल्या दुसऱ्या मशीनवर उतरवत असे. या मशीनच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या रंगाच्या होत्या. फ्लॉप्या आता पिठाच्या डब्याशेजारी असत आणि दुसरा संच ठाण्याला, तांदळाच्या डब्याशेजारी. पण पुस्तक पुरं होत आलं तसं बाबांचं कडेचं दिसणंही कमी झालं. पहिल्या प्रकरणाची छापून आलेली पानं मी त्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी मान या बाजूला केली, त्या बाजूला केली, पान उजेडात धरलं. मग घडी घालून परत दिलं. "छान आलंय," ते म्हणाले. पान उलटं धरलं होतं. मी भाऊजींना फोनवर सांगितलं.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात भाऊजी. कारखान्यात त्यांनी कधी रजा घेतल्याचं मला आठवत नाही; आईच्या आजारपणातसुद्धा ते अर्ध्या दिवसावर भागवत. "आज कसे?" मी विचारलं. "आज लाइट आहे," ते म्हणाले. फोडणीची पोळी नव्हती, म्हणून मी ओशाळले, तर म्हणाले, "चालेल. ताजं खाईन एक दिवस." त्यांनी बाबांना मशीनसमोर बसवलं, पुस्तक पडद्यावर आणलं आणि अक्षरं मोठी करत गेले. आणखी मोठी, आणखी मोठी, एवढी की सबंध पडद्यावर एकच शब्द मावायला लागला. पडदा काळा केला आणि अक्षर पांढरं. बाबांनी मान तिरकी केली.

"दिसतंय?"

"थांबा." बराच वेळ ते पाहत राहिले. "वि... हि... रीं... विहिरींची."

भाऊजींनी बटण दाबलं. दुसरा शब्द आला.

"संख्या."

पुन्हा बटण. असं एकेक शब्द करत बाबा आपलं पुस्तक वाचत गेले. एका वाक्याला पाच-पाच मिनिटं लागत. मध्येच ते थांबले आणि म्हणाले, "वैद्यबुवा, इथे स्वल्पविराम राहिलाय." भाऊजी म्हणाले, "बाई, घ्या." मी घेतला. दुपारपर्यंत त्यांची दोन पानं वाचून झाली. मग बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पडद्याकडे एकटक पाहिल्यामुळे असेल. भाऊजी म्हणाले, "बस सर, आज एवढंच. मशीन गरम झालंय." मशीन गरम झालं नव्हतं. मी हात लावून पाहिला होता.

नंतर अनेक बुधवार त्यांनी रजा घेतल्या. बाबांनी पहिलं प्रकरण स्वतः वाचून पुरं केलं. दुसऱ्याच्या मध्यावर पडद्यावरचा एक शब्दही दिसेनासा झाला, आणि पुढचं भाऊजींनी पूर्वीसारखं वाचून दाखवलं, शुक्रवारी, दुपारी, तपासणीच्या अहवालासारखं. पुस्तक छापून आलं त्यानंतर वर्षाने बाबा गेले. भाऊजी तरीही येत राहिले. पुढे कॉम्प्युटर स्वस्त झाले, कंपनीचा माणूस गळ्यात ओळखपत्र घालून येऊ लागला, आणि बिघडलेलं मशीन उघडण्याऐवजी लोक नवं घेऊ लागले. भाऊजींना याचं वाईट वाटलं असेल, पण ते म्हणत, "बरं झालं. सगळी नाराज मंडळी एकदम सुटली." आई गेल्यावर त्यांना संध्याकाळीही मोकळीक मिळाली, तरी आमच्याकडे ते शुक्रवारीच आले. गुडघे दुखायला लागेपर्यंत आले. मग फोन करत.

परवा दहाव्याला ठाण्याला गेले होते. ताईने विचारलं, त्यांचं काही हवं आहे का. मी नको म्हटलं. येताना माझ्या शाळेवरून रिक्षा गेली, म्हणून उतरले. शाळेच्या मागे पुस्तकातली एक विहीर अजून आहे. तिच्यावर लोखंडी जाळी टाकली आहे. तिला पाणी आहे.